लेकराचं दूध अन् मायची मजुरी

माझा मोठा मुलगा मे महिन्यातला. यवतमाळ जिल्ह्यातला मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, पारा पंचेचाळीसच्या वर, लाईट गेलेली, कूलरमधलं पाणीसुद्धा गरम, अन् मी माहेरी मागच्या खोलीत बाजेवर बारा दिवसांचं लेकरू घेऊन बसलेली. त्याचे ओठ कोरडे दिसले म्हणून मावशी उकळून गार केलेलं पाणी अन् चमचा घेऊन आली. माझी आई तेव्हा अंगणवाडी सेविका, वीसेक वर्षं नोकरी झालेली, गावभर "सहा महिने पाण्याचा थेंबही नको" सांगत फिरणारी. तिनं मावशीच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलली नाही. मावशी म्हणाली, "तुले तहान लागते, मंग लेकराले नाई लागत का वं?" खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही मावशीचंच पटलं.

दोन चमचे पाजले. लेकराला काही झालं नाही, आता तो सातवीत आहे. पण तो प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही कारण त्या खोलीत या विषयाचं अख्ख्या गावात सगळ्यात जास्त ट्रेनिंग झालेली बाई बसलेली होती आणि ती गप्प राहिली. नंतर कधीतरी विचारलं तर म्हणाली, "मीटिंगमधे मी फळ्यावरचं सांगतो, तिथं कोणी उलट विचारत नाही. इथं तिनं प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मले कोणी शिकवलंच नव्हतं."

उत्तर तसं सोपं आहे. अंगावरच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात लेकरू जास्त वेळा ओढतं, सुरुवातीचं दूध पातळ असतं, त्यानंच त्याची तहान भागते. त्याचं पोट एवढंसं, ते पाण्यानं भरलं की तेवढं दूध कमी गेलं, अन् मे महिन्यात गावात टँकरचं पाणी कसं येतं ते आपल्याला माहीत आहे. पाणी प्यायचं ते आईनं. हे असं कोणी सांगितलं असतं ना, तर मावशीनं चमचा खाली ठेवला असता अन् भरलेला तांब्या माझ्या हातात दिला असता. वाईट नव्हती ती, तिला लेकराची काळजीच होती.

मला म्हणायचंय ते एवढंच की बाळाच्या खाण्यापिण्याबद्दल आपल्याकडं जे काही चालतं ते बायांना "समजावून सांगायचं" खातं होऊन बसलंय. पोस्टर, सप्ताह, शपथ, रांगोळी स्पर्धा. स्तनपान सप्ताह असतो १ ते ७ ऑगस्ट. जगभरात तेव्हाच असतो, त्याला कोणाचा इलाज नाही, पण आमच्याकडं ते दिवस निंदणाचे, कपाशीत अन् सोयाबीनमधे तण माजलेलं, गावात बाई सापडत नाही दिवसा. उपकेंद्रावर कार्यक्रम होतो, पोस्टरवर इस्त्रीची साडी घातलेली गोरीपान बाई हसत बाळाला पाजतीय, समोर पाचसहा म्हाताऱ्या अन् दोन गरोदर बाया, फोटो निघतो, अपलोड होतो. ज्या बाईसाठी हे सगळं ती पाठीत वाकून दुसऱ्याच्या वावरात.

आकडे बघा मग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली. आणि जन्मल्यावर तासाभराच्या आत ज्यांना आईचं दूध मिळालं अशी लेकरं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे शंभरातली जवळपास नव्वद लेकरं डॉक्टर-नर्सच्या हाताखाली जन्मतात, तिथं सासू नसते, मावशी नसते, अंधश्रद्धा नसते, आणि तरी निम्म्याहून जास्त लेकरांचा पहिला तास कोरडा जातो. हे खापर मी अडाणी बाईच्या डोक्यावर कसं फोडू? 

माझ्या जावेचं झालं ते सांगते. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात, नाव कशाला घ्यायचं. सिझर झालं. बाळ दुसऱ्या खोलीत नेलं, तिला टाके घालणं चालू, बाहेर आम्ही. अर्ध्या तासानं एक सिस्टर येऊन म्हणाली, खाली मेडिकलमधून पावडरचा डबा अन् वाटी-चमचा आणा, आईला अजून दूध नाही. अजून दूध नाही! बाळ छातीला लावलंच नव्हतं तर दूध कुठून दिसणार. पान्हा काय नळ आहे का, लेकरानं ओढलं की तो उतरतो, जेवढं ओढेल तेवढा उतरतो. सिझर झालं तरी आई शुद्धीवर असते, कमरेखालीच भूल दिलेली असते बहुतेकदा, कोणीतरी बाळ धरून ठेवलं तर टेबलावरच पाजता येतं. पण ते धरायला एक माणूस मोकळं पाहिजे, अन् तिथं एका सिस्टरकडं एवढे पेशंट की तिला डबा सोपा पडतो. मी तिला दोष देत नाही. डबा आला, तिसऱ्या दिवशीपर्यंत लेकराला चमच्याची सवय झाली, जावेच्या छातीत गाठी झाल्या, ताप आला, अन् महिनाभरानं घरात एकच वाक्य, "हिले दूधच नाई." ते वाक्य तिला अजून लागतं.

कायदा आहे बरं का या बाबतीत, चांगला कडक आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत पावडर कंपन्यांच्या जाहिरातबाजीविरुद्ध संहिता झाली, तिच्यावरून आपल्याकडं १९९२ चा कायदा आला अन् २००३ मधे तो आणखी आवळला. दोन वर्षांच्या आतल्या लेकराच्या डब्याची, बाटलीची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट सॅम्पल देता येत नाही, डॉक्टर-नर्सला गिफ्ट देता येत नाही. म्हणून टीव्हीवर तुम्हाला डब्याची जाहिरात दिसत नाही. पण चिठ्ठीवर लिहून दिलेला डबा ही जाहिरात नाही का, गावच्या माणसाला डॉक्टरच्या अक्षरातली चिठ्ठी म्हणजे देववाणी, तो उसने पैसे काढून डबा आणतो अन् मग तो डबा महिनाभर पुरावा म्हणून एक चमच्याच्या जागी अर्धा चमचा टाकतो. पांढरं पाणी पितं ते लेकरू.

आता चिकाचं. आमच्याकडं म्हैस व्याली की शेजारीपाजारी वाट बघत असतात, चीक येईल, खरवस होईल. अन् गोठ्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, वासराला पहिला चीक पाजल्याशिवाय तो धार काढणार नाही, कारण त्याला माहीत आहे की चीक न मिळालेलं वासरू टिकत नाही. हाच माणूस घरात सून बाळंतीण झाली की पिवळं दूध पिळून टाकू देतो, जड असतं म्हणे, पचत नाही. गोठ्यातलं ज्ञान घरात येत नाही हे मला कोडंच वाटायचं. मग एकदा एका आशाताईनं हेच उदाहरण एका सासऱ्याला दिलं (सासूला नाही, सासऱ्याला, गोठा तोच बघायचा), अन् तो म्हातारा दोन मिनिटं गप्प बसून म्हणाला, "हे कोणी सांगतलंच नाई बाप्पा." पहिल्या दिवशी बाळाचं पोट एवढंसंच असतं, एका वेळी थोडासा चीकही त्याला पुरतो. हे त्यालाच नाही, मलाही माझ्या दुसऱ्या बाळंतपणात कळलं.

म्हाताऱ्या बायांना मूर्ख ठरवून हा विषय सुटत नाही. बाळगुटी उगाळून चाटवतात, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, खारीक, एकाच सहाणेवर, ती सहाण धुतलेली असते-नसते, त्यानं जुलाब होतात, ते थांबायला पाहिजे हे खरंच. पण याच बाया बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उठू देत नाहीत. डिंकाचे लाडू, मेथी, खोबरं, गरम पाणी, कोणी आलं तर बाहेरूनच. सव्वा महिना आईनं फक्त खायचं, झोपायचं, पाजायचं. दुसऱ्या शब्दांत भरपगारी रजा, सरकारनं नाही तर सासरनं-माहेरनं दिलेली. अडचण अशी की ज्या घरात खायला आहे तिथंच सव्वा महिना पूर्ण होतो. मजुराच्या घरात विसाव्या दिवशी बाई पाणी भरते आणि चाळिसाव्या दिवशी वावरात असते.

सरकारी आरोग्य व्यवस्थेनं यात काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उलट होतं, हे सिद्ध झालेलं आहे. हरियाणात एक अभ्यास झाला, २००३ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवीन माणसं नेमली नाहीत, नवीन दवाखाने बांधले नाहीत, जे होते तेच, अंगणवाडी सेविका, नर्सबाई, दाई, यांना फक्त आईशी बोलायचं कसं ते नीट शिकवलं आणि लसीकरण असो, वजन असो, आजारपण असो, प्रत्येक भेटीत तोच विषय काढायचा असं ठरवलं. तीन महिन्यांच्या बाळांमधे निव्वळ अंगावरचं पिणारी लेकरं त्या गावांत ७९ टक्के झाली, बाजूच्या गावांत ४८. जुलाबही कमी झाले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळ बघायचं काम दिलं, १९९९ मधे त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यावरूनच पुढं २०११ मधे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. तेव्हा विदर्भातल्या माणसानं "गावच्या बाईला काय कळतं" असं म्हणू नये, तिला काय कळतं ते जगानं गडचिरोलीतून शिकलंय.

पण मूळ काम अन् त्याची सरकारी नक्कल यात काय गळून पडतं ते बघा. आशाताईनं दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी द्यायच्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी. या सगळ्या सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये. एका भेटीचे ४२ रुपये झाले समजा. त्यात तिनं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, फॉर्म भरायचा, सही घ्यायची, मग ॲपमधे टाकायचं, रेंज नसली तर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन टाकायचं. फॉर्ममधे एक रकाना असतो, बाळ अंगावर पितं का, हो किंवा नाही. ती विचारते, आई हो म्हणते, टिक. 

आता खरं काम काय आहे सांगते. बाळ पीत असताना बघणं. नुसतं बसून बघणं, पंधरा-वीस मिनिटं. त्याच्या तोंडात नुसतं बोंड आहे की भोवतीचा काळा भागपण आहे, हनुवटी छातीला टेकलीय का, गिळल्याचा आवाज येतोय का, आई पाठ टेकून बसलीय की वाकून वाकून कंबर मोडून घेतेय. नुसतं बोंड धरलं की दूध येत नाही, चिरा पडतात, आई रडते, बाळ रडतं, सासू म्हणते दूध पुरत नाही. संध्याकाळचं बाळ तसंही किरकिर करतं. तेव्हा कोणीतरी शेजारी बसून "थांब, त्याला असं वळव" म्हणणारं पाहिजे, अन् सासूला विचारणारं पाहिजे की मावशी, दिवसातून सहा-सात वेळा शू करतो का, करतो ना, मग दूध पुरतंय, पोटात गेल्याशिवाय बाहेर कसं येईल. या एका वाक्यानं मी घरातला डबा बंद होताना बघितलाय. ४२ रुपयांत अन् आठ रजिस्टरांत हे होत नाही. होतं तिथं ती आशाताई स्वतःच्या जिवावर करते.

अजून एक गंमत, जी वरच्या ऑफिसात बसून दिसत नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते. नाव नोंदलेलं सासरच्या गावात, सासरच्या आशाकडं. बाळ जन्मलं माहेरच्या गावात, तिथली आशा म्हणते माझ्या यादीत नाही. दोन-तीन महिन्यांनी सासरी परत येते तोवर बेचाळीस दिवस कधीच संपले. ज्या आईला सगळ्यात जास्त गरज, पहिलटकरीण, तिच्याच सहा भेटी दोन गावांच्या मधे कुठेतरी पडतात. मी स्वतः त्यातली. मेळघाटात तर घरंच्या घरं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात ती होळीला येतात, लेकरू वीटभट्टीवर सहा महिन्यांचं होतं, तिथं कोणाची यादी अन् कोणाची भेट. कार्ड आईच्या हातात असतं, मग भेट कार्डाच्या मागं का जाऊ नये, गावाच्या मागं का?

एवढं सगळं करून पहिले सहा महिने निभावले असं समजू. खरी घसरण पुढं आहे, त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. त्याच सर्वेक्षणात पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पिणारी लेकरं देशात ६३.७ टक्के आहेत, वाईट नाही. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकरांपैकी पुरेसं अन् नीट खाणारी ११.३ टक्के. शंभरात अकरा! बाकीची एकोणनव्वद काय खातात? मी सांगते, वरणाचं पाणी. वर वर तरंगतं ते, डाळ खाली. भाताची पेज. चहात बुडवलेलं बिस्कुट. पाच रुपयाचा पुडा लेकराच्या हातात दिला की ते दोन तास गप बसतं अन् अंगावर सांडतं तेवढंच खातं. अंगणवाडीतून पाकीट येतं घरी न्यायला, ते आवडलं तर सगळं घर खातं, नाही आवडलं तर कोंबड्या.

सहा-आठ महिन्यांच्या लेकराला दुधाशिवाय वरून दिवसाला २०० कॅलरी लागतात, वर्षाच्या पुढं साडेपाचशे. पोट लहान, म्हणून अन्न घट्ट पाहिजे, चमचा तिरपा केला तर घळकन पडायला नको. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात डाळ घोटून वरून एक चमचा तेल, चमचाभर तेलातच पंचेचाळीस कॅलरी. भाकर वरणात कुस्करून. भंडारा-गोंदियाकडं भात-वरण मऊ करून. अंडं चालतं सहा महिन्यांनंतर, हे सांगितलं की लोक दचकतात. यातलं काहीच विकत आणायचं नाही, सगळं घरात आहे. मग होत का नाही?

परत हरियाणातच जाऊ. त्याच लोकांनी पुढं दुसरा अभ्यास केला, सहा महिन्यांनंतरच्या खाण्याबद्दल, तसाच सल्ला, तशाच भेटी. आयांनी ऐकलं, खाऊ घालायची पद्धत सुधारली. पण दीड वर्षाच्या आसपास उंचीत फरक पडला तो जेमतेम तीन मिलिमीटरचा. आपल्या अंगठ्याच्या नखावर मोजा. दूध पाजायचं तर सल्ल्यानं ७९ वर गेलं, अन् जेवणाच्या बाबतीत सल्ला तीन मिलिमीटरला अडकला. माझ्या मते कारण सरळ आहे. दूध पाजायला आईचं शरीर लागतं, ते तिच्याकडं आहे. खाऊ घालायला आईचा वेळ लागतो, तो तिच्याकडं नाही, तो कोणीतरी दिवसाच्या रोजीनं विकत घेतलाय.

आमच्या घराच्या मागं एक कुटुंब आहे, नाव नको. गेल्या वर्षी तिचं लेकरू दसऱ्याला आठ महिन्यांचं. कापूस फुटला. वेचणीचा भाव आमच्याकडं किलोला दहा रुपये, हात चालला तर बाई तीस-चाळीस किलो वेचते, वर्षातले हेच दोन-अडीच महिने चार पैसे हातात येतात. सकाळी सातला ऑटो येतो बाया न्यायला. पहिले काही दिवस तिनं लेकरू सोबत नेलं, धुऱ्यावरच्या कडुनिंबाला लुगड्याची झोळी, शेजारी तिचीच सहा वर्षांची पोरगी राखायला. मुंग्या चावल्या एकदा, मग घरी आजीपाशी ठेवायला लागली. आजीला दिसत कमी. मी एक दिवस दुपारी गेले तर वाटीत सकाळची खिचडी वाळून चिकटलेली, लेकराच्या हातात बिस्कुट, अन् आजी म्हणाली, "म्या चारलं वं, थो थुकते." थुकणारच, सहा महिने ओढायची सवय, जीभ बाहेर ढकलते, दहा-बारा वेळा एकच घास परत परत द्यावा लागतो, एका जेवणाला अर्धा-पाऊण तास जातो. दिवसातून तीनदा. आठ महिन्यांच्या लेकराला नीट चारणं हे दोन तासांचं काम आहे, अन् ते करायला कोणी घरी नाही.

तिला महिन्याच्या मीटिंगमधे उभं करून विचारलं, लेकराचं वजन का घटलं. कार्डावर हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात आलं होतं. ती काही बोलली नाही, खाली बघत राहिली. तिला काय चारायचं ते पाठ होतं, माझ्यापेक्षा चांगलं म्हणून दाखवलं असतं तिनं.

आता रजेचा हिशोब. पगारी नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी रजा. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, कायदा करणाऱ्यांना सहा महिन्यांचं महत्त्व चांगलंच ठाऊक आहे. मजूर बाईसाठी मातृवंदना योजना, पहिल्या लेकरासाठी ५००० रुपये, दोन हप्त्यांत. दुसरं लेकरू मुलगी झाली तर ६०००, मुलगा झाला तर काही नाही, त्याला बहुतेक दूध लागत नसावं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात किमान ६००० लिहिलेत, उरलेले दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या दुसऱ्या योजनेतून धरून हिशोब जुळवतात. ५००० ला १८२ दिवसांनी भागा. दिवसाला २७ रुपये. आमच्या गावात बाईची रोजी अडीचशे. रोज काम मिळत नाही हे मान्य, अर्धेच दिवस धरा, तरी सहा महिन्यांचे पावणेतेवीस हजार होतात. अन् आपण तिला म्हणतो सहा महिने लेकराजवळ रहा.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आमच्या आज्यांनीपण वावरात काम करून पोरं वाढवली, तेव्हा कुठली योजना होती? माझ्या आजीला मी हेच विचारलं होतं. तिनं बोटं मोजली. नऊ झाली होती तिला, पाच राहिली. जी राहिली त्यांचीच नातवंडं आज हे उत्तर देतात.

मग करायचं काय? आशाताईच्या भेटीचे पैसे वाढवा अन् रजिस्टरं कमी करा, हे मी म्हणणारच. हाताने दूध काढून झाकून ठेवायचं अन् मागून वाटी-चमच्यानं पाजायचं हे प्रत्येक मजूर बाईला दवाखान्यातून घरी सोडायच्या आधी शिकवा, काही तास तरी ते टिकतं, त्याला पैसा लागत नाही. पण माझा खरा जोर पाळणाघरावर आहे. शेजारच्या छत्तीसगडमधे बिलासपूरकडं डॉक्टरांच्या एका संस्थेनं गावागावात फुलवारी सुरू केल्या, सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं, गावातलीच बाई सांभाळते, दिवसातून गरम खायला, आई जंगलात-वावरात मोकळी. पुढं तिथल्या सरकारनंही त्या नावानं योजना काढली. आपली अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या लेकराला बसवते अन् त्याच्या आतल्याला पाकीट देऊन घरी पाठवते. म्हणजे ज्या वयात खरी मार बसते त्या वयाच्या लेकराला जागाच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचा यात काय संबंध असं विचारतील. डॉक्टरनं मीटिंगमधे कमी वजनाच्या लेकरांची यादी मागताना एक रकाना वाढवावा, दिवसा लेकरू कोणापाशी असतं. त्या रकान्यात काय येतं ते बघितलं की औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते त्यालाच कळेल.

यंदा आमच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात, आमच्याकडं त्यातून खुर्च्या आल्या, अंगणवाडीच्या भिंतीवर हत्ती-घोडे रंगवले. मी म्हटलं वेचणीच्या अडीच महिन्यांसाठी दोन बाया अन् एक कुकर द्या, समाजमंदिर रिकामंच आहे. सरपंच चांगला माणूस आहे, हसला नाही, म्हणाला कोणत्या हेडमधून टाकू ते ग्रामसेवकाला विचारतो. ग्रामसेवक म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं. चर्चा झाली ती पैशाची, स्वयंपाकाची, लेकरू पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची याची. मागं बसलेली माझी शेजारीण, जी कधी बोलत नाही, तिनं एकच विचारलं, "किती वाजता उघडसान? आमचा ऑटो साताले येते." अंगणवाडीची वेळ दहाची. कोणाकडंच उत्तर नव्हतं, ठरावात वेळ लिहायची राहिलीय.